सोलापुरात बसून ताऱ्यांवर काम सुरू करायचं तर

बीएस्सीची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, दुर्बीण कुठली घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे: तूर्त कुठलीच नको, ते पैसे लॅपटॉपमध्ये घाला. हौस म्हणून दुर्बीण उत्तमच. पण तारे, दीर्घिका, तेजोमेघ यांवरचं आजचं बरंचसं संशोधन आधीच घेतलेल्या आणि सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या निरीक्षणांवर चालतं. ती निरीक्षणं जुळे सोलापुरातल्या भाड्याच्या खोलीतही उतरवून घेता येतात, तीही फुकट.

सुरुवात कृत्तिकांपासून करा. युरोपीय अवकाश संस्थेच्या 'गाया' यानाने 2014 पासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत आकाशाची मोजणी केली. त्याच्या माहितीचा तिसरा मोठा संच 2022 मध्ये खुला झाला, त्यात सुमारे 180 कोटी तारे आहेत. संकेतस्थळावर कृत्तिकांच्या मध्यापासून दोन अंशांच्या वर्तुळातले तारे मागवा. हजारो येतील, आणि त्यातले बहुतेक कृत्तिकांचे नसतील. कुणी पुढे असेल, कुणी खूप मागे. इथून खरी मजा सुरू होते. पॅरॅलॅक्स म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो तो कोन, तो जितका मोठा तितका तारा जवळ. तो 6.9 ते 7.8 मिलिआर्कसेकंदांच्या (अंशाच्या 36 लाखाव्या भागाला एक मिलिआर्कसेकंद म्हणतात) दरम्यान असलेलेच तारे ठेवा, म्हणजे साधारण 130 ते 145 पार्सेक अंतरावरचे (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं). मग त्यांचा आकाशातला वेग बघा. कृत्तिकांचे तारे एकाच दिशेने, वर्षाला साधारण 20 मिलिआर्कसेकंद पूर्वेकडे आणि 45 दक्षिणेकडे सरकतात. ही चाल ज्यांची नाही, ते वगळा.

उरलेल्या प्रत्येक ताऱ्याची निरपेक्ष प्रत काढा, म्हणजे सगळे तारे सारख्याच अंतरावर ठेवले तर तो किती तेजस्वी दिसेल त्याचा आकडा. मिलिआर्कसेकंदांतल्या पॅरॅलॅक्सच्या दहा पायाच्या लॉगॅरिदमला पाचाने गुणा, त्यातून दहा वजा करा आणि ती संख्या दृश्यप्रतीत, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या तेजाच्या आकड्यात, मिळवा. आडव्या अक्षावर रंग, उभ्या अक्षावर ही प्रत, आणि उभा अक्ष उलटा, कारण तेजस्वी ताऱ्याची प्रत लहान असते. पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक नीट पट्टी उमटते. पुस्तकात आपण 'मुख्य श्रेणी' म्हणून पाठ केलेली असते ती हीच. आता हेच कर्क राशीतल्या एम 67 या तारकागुच्छासाठी करा. तिथे पॅरॅलॅक्स जेमतेम 1.15 आहे. पट्टीचं वरचं निळं टोक गायब झालेलं दिसेल आणि तारे उजवीकडे वळून लाल राक्षसी ताऱ्यांकडे चढताना दिसतील. कृत्तिका शंभर-सव्वाशे दशलक्ष वर्षांच्या, एम 67 सुमारे चार अब्ज वर्षांचा. मोठे तारे आधी संपतात, हे वाक्य परीक्षेत मी कितीदा लिहिलं असेल, पण पटलं ते हे दोन आलेख शेजारी ठेवल्यावर.

यासाठी टॉपकॅट नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पुढे मात्र पायथन आलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. तारे निवडायची ही गाळणी थोडी सैल केली तर काय होतं, फार घट्ट केली तर काय हरवतं, हे उलटसुलट करून बघा. पुढच्या सगळ्या संशोधनात डोकं याच प्रश्नावर झिजतं.

याचा अर्थ आकाश बघूच नका असा नाही. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे, त्यामुळे दिल्लीकरांना क्षितिजालगत कसाबसा दिसणारा कॅरिना तेजोमेघ आपल्याकडे दक्षिणेला साडेबारा अंश चढतो. ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ तर जवळपास पंचवीस अंश वर येतो, मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास. साध्या द्विनेत्रीतून धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. त्यासाठी नान्नजकडे जाऊ नका. तिकडे अंधार चांगला, पण शहराचा उजेड नेमका दक्षिणेला येतो. मंद्रूपच्या बाजूला, कुणाच्या ओळखीच्या शेतात गेलेलं बरं. या ओमेगा सेंटॉरीच्या मध्यभागी सूर्याच्या किमान 8,200 पट वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचा पुरावा 2024 मध्ये मांडला गेला. तो मिळाला हबल या अवकाश दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या जुन्या छायाचित्रांतून, भलत्याच वेगाने पळणारे सात तारे शोधून. त्यातली बरीचशी छायाचित्रं मुळात दुर्बिणीची उपकरणं जुळवून घेण्यासाठी काढलेली होती!

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर 'सरस्वती'. सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवरचा हा दीर्घिकांचा महासमूह पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या आणि इतर भारतीय संशोधकांनी 2017 मध्ये जाहीर केला. वापरला होता स्लोन या आकाश सर्वेक्षणाचा खुला डेटा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी, 150 मेगाहर्ट्झवर केलेलं सर्वेक्षणही खुलं आहे. 'रॅड ॲट होम' हा 2013 पासूनचा भारतीय उपक्रम विद्यार्थ्यांना अशाच प्रतिमांमधून विचित्र दीर्घिका हुडकायला शिकवतो. रेडिओ दीर्घिकांकडे, म्हणजे जोरदार रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिकांकडे, माझं लक्ष गेलं ते अशा प्रतिमा चाळता चाळता.

आता रस्त्याबद्दल. बीएस्सी भौतिकशास्त्र, सोबत गणित सोडायचं नाही. एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट, नेट, शिवाय संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा. एमएस्सी इथल्या विद्यापीठात केली म्हणून दारं बंद होत नाहीत. मराठी माध्यमाचा त्रास पहिल्या वर्षी होतो, पेपर वाचताना एकेका पानाला तास जातो, नंतर तीच तीच शंभर-दोनशे वाक्यं फिरून येतात हे कळतं.

"तारे मोजून पोट भरतंय का बे?" हे मित्रांनी विचारलेलं, घरच्यांनी जरा सभ्य शब्दांत. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं. पीएचडीपुरतं भरतं. त्यानंतरचं अवघड आहे, ते लपवू नये: कायम नोकऱ्या कमी, परदेशात दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागांवर भटकंती होते, आणि बरेच जण शेवटी डेटा सायन्सकडे वळतात. घरी हे आधीच सांगून ठेवा.

उन्हाळी प्रकल्पांचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, तेव्हा दिवाळीनंतर आयुका आणि जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरएची संकेतस्थळं बघत राहा. कुणा शास्त्रज्ञाला थेट मेल करणार असाल तर "मला लहानपणापासून आकाशाची आवड आहे" हे वाक्य काढून टाका. असे मेल त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्याऐवजी त्यांचा एखादा पेपर वाचून त्यातला न कळलेला एक नेमका मुद्दा विचारा, आणि खाली कृत्तिका व एम 67 चे तुमचे आलेख जोडा, गाळण्या कशा लावल्या त्या चार ओळींसह.