स्लाइडआधी फॉर्म वाचा

पॅथॉलॉजीत नवा आलेला रेसिडेन्ट त्वचेच्या कॅन्सरची बायॉप्सी हाती पडली की थेट मायक्रोस्कोपला डोळे लावतो. मीही तेच करायचो. पुढे सवय लागली ती आधी बायॉप्सीसोबत आलेल्या फॉर्मवरचे दोन रकाने वाचायची: वय आणि जागा. त्या त्वचेवर ऊन किती आणि कसं पडलं असेल, याचा अंदाज तिथेच येतो.

मेलॅनोमाच घ्या, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. सत्तरीतल्या माणसाच्या गालावर वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला तपकिरी डाग असेल, तर लेन्टिगो मॅलिग्ना हा त्याचा प्रकार मनात हवाच. यात बिघडलेल्या मेलॅनोसाइट्स, म्हणजे त्याच रंगपेशी, एपिडर्मिसच्या (त्वचेच्या वरच्या थराच्या) तळाशी एकेकट्या रांगेने बसतात आणि केसांच्या मुळांच्या कडेने खाली उतरतात. त्याखालच्या डर्मिस या थरात उन्हाने खराब झालेले तंतू निळसर करडे दिसतात. हा सोलर इलॅस्टोसिस ओळखायला शिका. अर्धी गोष्ट तोच सांगतो. चाळिशी-पन्नाशीतला पाठीवरचा किंवा पोटरीवरचा मेलॅनोमा बहुधा सुपरफिशियल स्प्रेडिंग, म्हणजे वरवर पसरणारा, असतो. इथे ऊन रोजचं नसतं, अधूनमधून पण कडक लागलेलं असतं. पेशी पुंजके करून वरच्या थरांत चढतात, आणि ब्राफ जनुकातला व्ही६००ई बदलही याच गटात जास्त सापडतो.

तळपाय, तळहात आणि नखाखालच्या एक्रल मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. सावळ्या लोकांत मेलॅनोमा मुळात कमी, पण झालाच तर बऱ्याचदा इथे. नखाखालचा काळा पट्टा मुका मार समजून सोडून दिला जातो, म्हणून निदानही उशिरा होतं. नोड्युलर, म्हणजे गाठीसारखा मेलॅनोमा मात्र या हिशेबात नीट बसत नाही. तो कुठेही उगवतो आणि पटकन खोल जातो.

बेसल सेल या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरचं गणित सोपं. नोड्युलर प्रकार उतारवयात, चेहऱ्यावर. सुपरफिशियल प्रकार धडावर आणि तुलनेने कमी वयात. तळव्यावर बेसल सेल वाटला तर रिपोर्ट लिहिण्याआधी सीनियरला दाखवा. स्क्वेमस सेल हा त्वचेचा तिसरा कॅन्सर वयस्करांच्या कानावर, खालच्या ओठावर, हाताच्या मागच्या बाजूला होतो. पण भाजल्याच्या जुन्या व्रणातूनही होतो, आणि तिथे उन्हाचा तर्क चालत नाही.

वय आणि जागा म्हणजे निदान नव्हे, संशय कुठे धरायचा ते त्यातून कळतं. त्यासाठी फॉर्म मात्र धड भरलेला हवा. जागेच्या रकान्यात कित्येकदा नुसतं ‘पाय’ एवढंच लिहून येतं. तळवा की पोटरी, ते फोन करून विचारा.