'द गुड नर्स' बघणार असाल तर असा बघा

हा पिक्चर बरेच जण अर्ध्यात सोडतात, कारण खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं आणि मग पुढचे दोन तास बघायचं काय असं वाटायला लागतं. पहिल्यांदा बघताना माझंही तेच झालं होतं. दुसऱ्यांदा मावसबहिणीबरोबर बघितला, ती आयसीयूत नर्स आहे, आणि तेव्हा कळलं की मी चुकीच्या गोष्टीची वाट बघत बसले होते. खुनी कसा सापडतो हा धागा सोडून द्या. कोणाला काय माहीत होतं, कधी माहीत होतं आणि तरी कोण गप्प बसलं, एवढं धरून बघा, मग एकही सीन रिकामा वाटत नाही.

आधी काय माहीत असावं? थोडंच. चार्ल्स कलन हा अमेरिकेतला खरा माणूस, 1987 मध्ये न्यू जर्सीत नर्स म्हणून कामाला लागला आणि डिसेंबर 2003 मध्ये पकडला गेला. मधल्या 16 वर्षांत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात मिळून नऊ हॉस्पिटलं आणि एक नर्सिंग होम फिरला. कोर्टात 29 खून कबूल केले, पण खरा आकडा शेकड्यांत असावा असं तपास करणाऱ्यांपैकी काहींना वाटतं. एवढं पुरे. याच प्रकरणावरची डॉक्युमेंटरी आधी बघू नका, तिच्यात सगळं उघड करून सांगितलंय आणि मग पिक्चरमधल्या शांत जागा वाया जातात.

बघताना खोलीत अंधार करा आणि शक्यतो हेडफोन लावा, कारण वॉर्डातले बहुतेक सीन नाईट शिफ्टमध्ये घडतात, उजेड मंद, भिंती हिरवट आणि मॉनिटरची टुकटुक सतत मागं चालू. दिग्दर्शक टोबियास लिंडहोमनं दचकवणारं संगीत टाळलंय, रक्त नाही, पाठलाग नाही, त्यामुळं मोबाईल चाळत बघितला तर हाताला काहीच लागणार नाही.

पहिला सीन नीट बघा. 1996, पेनसिल्व्हेनियातलं एक हॉस्पिटल, पेशंटला झटका आलाय, डॉक्टर नर्सेस धावून आलेत, छातीवर दाब देणं चाललंय. आपली नजर बेडकडं जाते, पण कॅमेरा तिकडं जातच नाही, बाजूला उभ्या असलेल्या चार्लीच्या, म्हणजे चार्ल्स कलनच्या, चेहऱ्याकडं हळूहळू सरकत राहतो. चार्ली झालेला एडी रेडमेन तिथं जवळजवळ काहीच करत नाही. तो चेहरा लक्षात ठेवा, कारण पुढं हाच माणूस त्याच्याबरोबर काम करणाऱ्या नर्सच्या, एमीच्या, मुलींशी मायेनं बोलणार आहे, तिच्या आजारात तिला सांभाळून घेणार आहे, आणि तुम्हाला तो आवडायला लागेल, आणि ते आवडणं खोटं नाही. खऱ्या एमी लॉग्रेनलाही तो आवडायचा, चांगला मित्र होता तिचा.

आता औषधाचं मशीन. वॉर्डात एक कपाट दिसतं, स्क्रीनवर पेशंटचं नाव आणि औषध टाकलं की त्याचा ड्रॉवर उघडतो, आणि कोणी काय काढलं याची नोंद आत राहते. कलन औषध मागवायचा आणि लगेच ऑर्डर रद्द करायचा, तरी ड्रॉवर उघडायचाच. कागदावर नोंद 'रद्द' आणि बाटली खिशात. मावसबहिणीनं इथं पिक्चर थांबवला, म्हणाली, रद्द केलेल्या ओळीकडं कोण बघतं गं, सगळे दिलेल्या औषधाकडंच बघतात. माझ्या मते सगळा पिक्चर त्या एका वाक्यात आहे, म्हणून एमी नोंदींचे कागद वाचते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं नाही, ती कुठल्या ओळीवर थांबते तिकडं बघा. खऱ्या तपासात पोलिसांना सांगितलं गेलं होतं की या मशीनच्या नोंदी 30 दिवसांच्याच राहतात, आणि ते खरं नव्हतं.

दोन औषधांची माहिती आधीच असू द्या, नाहीतर मधले संवाद डोक्यावरून जातील. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, पण उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी, त्यामुळं जरा जास्त गेलं की ठोके बिघडतात. इन्सुलिन जास्त गेलं तर रक्तातली साखर एकदम खाली येते. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइड नावाचा पदार्थही तयार होतो, बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर तो येत नाही. म्हणजे रक्तात इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य असेल तर ते बाहेरून आलंय. एवढं माहीत असलं की एमीचा चेहरा का उतरतो ते तिनं समजावून सांगायच्या आधीच तुम्हाला कळेल.

आणि सलाईनच्या पिशव्यांचा सीन! एमी स्टोअररूममध्ये एकेक पिशवी हातात घेऊन दाबून बघते. एकीतून बारीकसा थेंब बाहेर येतो, म्हणजे सुई टोचून आत काहीतरी घातलंय. बस, एवढंच. पण ती पिशवी कुठल्या पेशंटला लागणार हे लावणाऱ्या नर्सलाही माहीत नसतं, आणि लागेल तेव्हा कलन कदाचित ड्युटीवरसुद्धा नसेल. माझी बहीण त्या सीननंतर कितीतरी वेळ काही बोलली नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते हॉस्पिटलच्या मीटिंगांकडं, लोक नेमके तेच सीन कंटाळवाणे म्हणून पुढं ढकलतात. पोलिसांना उशिरा बोलावलंय, समोर रिस्क मॅनेजर, म्हणजे हॉस्पिटल अडचणीत येऊ नये हे बघणारी बाई बसलीय, गोड बोलते, सगळं सहकार्य करू म्हणते आणि हातात काहीच देत नाही. नर्सेसची चौकशी होते तेव्हाही ती खोलीत हजर असते. ती बाहेर गेल्यावर एमी आणि डिटेक्टिव्ह यांच्यात काय होतं ते बघा, बोलायचा सूरच बदलतो. हे पिक्चरसाठी रचलेलं नाटक वाटेल, पण खरी हकीकत याहून वाईट आहे. जुलै 2003 मध्ये न्यू जर्सीच्या पॉयझन सेंटरच्या (विषबाधेबद्दल सल्ला देणाऱ्या केंद्राच्या) प्रमुखानं कलनच्या हॉस्पिटलला बजावलं होतं की कोणीतरी मुद्दाम करतंय, आणि हॉस्पिटलनं सरकारी वकिलांना कळवलं ऑक्टोबरमध्ये. त्याच्या आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या हॉस्पिटलमधल्या नर्सेसनी कलनबद्दल स्वतः संशय बोलून दाखवला होता, तिथून तो राजीनामा देऊन निघाला आणि काही महिन्यांत न्यू जर्सीत पुन्हा नोकरीला लागला. जर्मनीत पेशंटना मारणाऱ्या नील्स होगेल या नर्सच्या केसमध्येही असंच झालं, ओल्डेनबुर्गच्या हॉस्पिटलनं चांगलं प्रशस्तिपत्र देऊन त्याला घालवलं आणि तो डेल्मनहोर्स्टला जाऊन मारत राहिला. हे वाचून मला कलनपेक्षा त्या प्रशस्तिपत्रांचा राग जास्त आला, अजूनही येतो.

एमी झालेल्या जेसिका चॅस्टेनचं काम बघताना तिचा श्वास ऐका. एमीला हृदयाचा आजार आहे, पेशंटला हलवलं तरी धाप लागते, पण इन्शुरन्स मिळायला अजून काही महिने नोकरी टिकवायचीय म्हणून ती कोणाला सांगत नाही. हॉस्पिटलात काम करणाऱ्या बाईला स्वतःच्या उपचारांसाठी लपून राहावं लागतं, आणि ते गुपित फक्त चार्लीला माहीत आहे. पुढं ती त्याच्याविरुद्ध उभी राहते तेव्हा काय पणाला लागलंय ते यावरूनच कळतं.

खरं किती आणि रचलेलं किती? हॉस्पिटलचं नाव बदललंय, खरं होतं सॉमरव्हिलचं सॉमरसेट मेडिकल सेंटर. डिटेक्टिव्ह ब्रॉन आणि बाल्डविन खरे, एमीनं अंगावर माईक लावून त्याला भेटणं खरं, तिच्यासमोर त्यानं बोलणंही खरं. काळ मात्र बराच आवळून घेतलाय.

एक विनंती, घरातलं कोणी सध्या ॲडमिट असेल तर हा पिक्चर आत्ता बघू नका, प्रत्येक सलाईनकडं बघून जीव वरखाली होईल आणि त्याचा पेशंटला काहीच उपयोग नाही. नंतर बघा.

शेवटच्या भेटीत चार्लीला थंडी वाजत असते आणि एमी स्वतःचा स्वेटर त्याला देते. का केलंस हे ती विचारते, तेव्हा तो जे उत्तर देतो ते मी इथं लिहीत नाही, पण त्याआधीची शांतता पुढं ढकलू नका. मग पडद्यावर मजकूर येतो, तो थांबवून वाचा. न्यू जर्सीत त्याला 2006 मध्ये 11 जन्मठेपा झाल्या, पण तो जिथं जिथं होता त्या हॉस्पिटलांपैकी एकावरही फौजदारी खटला झाला नाही. 2005 मध्ये न्यू जर्सीत कायदा आला, अशा कर्मचाऱ्याची माहिती कळवणं आणि पुढच्या नोकरीच्या ठिकाणी विचारलं तर सांगणं बंधनकारक झालं. डॉक्युमेंटरी, 'कॅप्चरिंग द किलर नर्स', दुसऱ्या दिवशी बघा, त्याच रात्री नको. तिच्यात खरी एमी स्वतः बोलते.