पहिल्या सत्राची मुलं वाडीवर जाण्याआधी

समाजकार्याच्या पहिल्या वर्षाचा वर्ग ज्यांच्या हाती यंदा पहिल्यांदाच येतोय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या हातून काही वर्षांपूर्वी एक चूक झाली. तिचा त्रास आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या एका बाईला झाला आणि तो मला आजही लागून राहिलाय. ती चूक कोणती ते पुढे सविस्तर सांगते, पण तिचं सार आत्ताच लिहून ठेवते, कारण घाईत वाचणारे बहुतेक इथवरच वाचतात: मुलांना फील्डवर, म्हणजे वाडीवर लोकांमध्ये प्रत्यक्ष कामाला, पाठवण्याच्या आधी गोपनीयता शिकवा. नंतर नको, सोबत नको, आधी. आणि नाव बदललं की गोपनीयता झाली, असं त्यांना वाटू देऊ नका.

ओळखपत्रं, पालकांची संमतिपत्रं, एसटीचे पास, हजेरीपत्रक हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पहिलं काम जूनच्या आधीच, घरी बसून करायचं. आपण नक्की काय शिकवणार ते ठरवा. व्यावसायिक क्षमता हा शब्द हल्ली प्रत्येक अभ्यासक्रमात असतो, पण बऱ्याच जागी त्याखाली जुनीच प्रकरणं घातलेली दिसतात. क्षमता म्हणजे मुलाला करून दाखवता येतं ते. अमेरिकेतल्या काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशनच्या 2022 च्या मानकांत अशा नऊ क्षमता आहेत. पहिली आहे नैतिक आणि व्यावसायिक वर्तनाची. शेवटच्या चार प्रत्यक्ष कामाच्या: माणसांशी जोडून घेणं, त्यांची परिस्थिती समजून घेणं, हस्तक्षेप करणं आणि केलेल्या कामाचं मूल्यमापन करणं. ही यादी चांगली आहे, मी वापरते. पण ती अख्ख्या पदवीसाठी आहे. पहिल्या सत्रात नऊच्या नऊ कोंबल्या तर मुलं नऊ व्याख्या पाठ करतील आणि दारात उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही. मी तीनच घेते: माणसाशी जोडून घेणं, पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहिणं, आणि व्यावसायिक वर्तन. या तिसऱ्यात सगळ्यात आधी गोपनीयता.

प्रत्येक क्षमतेखाली डोळ्यांना दिसेल असं काही लिहा. ‘विद्यार्थी संवेदनशील आहे’ हे कुणाला दिसत नाही. ‘समोरची व्यक्ती बोलत असताना तिला मध्येच तोडत नाही’ हे दिसतं. ‘ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून बरोबर समजलंय का ते विचारतो’ हेही दिसतं. गुण द्यायचे ते अशाच वाक्यांवर, आणि ती वाक्यं मुलांच्या हातात पहिल्या आठवड्यातच पडली पाहिजेत.

आता माझी चूक. समाजकार्याचे अमेरिकन प्राध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी 1957 मध्ये मांडलेली केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं आपण सगळेच शिकवतो. क्रमाने गेलं तर व्यक्तीचं वेगळेपण जपणं पहिलं येतं, आणि गोपनीयता येते सातवी, अगदी शेवटी. मी क्रमाने गेले. दर आठवड्याला एक तत्त्व, मध्ये गणपतीची सुट्टी. सातव्या तत्त्वाशी पोचेपर्यंत मुलं महिनाभर फील्डवर जात होती. तोवर मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की वर्गात मांडताना नाव बदला.

एका मुलाने नाव बदललं. फार मन लावून काम केलं होतं त्याने. वर्गात उभा राहून तो वाचू लागला: बंदराला लागून असलेली वाडी, नवरा ट्रॉलरवर तांडेल, थोरला मुलगा आजारी आणि त्याचे उपचार मनोरुग्णालयात चालू, बाई हे सगळं सासरच्यांपासून लपवून बचत गटाच्या कर्जातून औषधं आणते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, पुन्हा काढायचं, एवढंच ती करत राहिली. माझं लक्ष गेलं होतं, पण तिला बरं वाटत नसेल असं समजून मी पुढे गेले. ती त्या बाईच्या नणंदेची मुलगी होती. दोन दिवसांत गोष्ट घरात पोचली.

मी माफी मागायला गेले तेव्हा बाई ओट्यावर मांदेली साफ करत होती. हातातलं काम थांबवलं नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, “मॅडम, तुमच्या पोरानं नाव बदललंन, पण घर माझंच ठेवलंन.” मला चहा दिला. त्यानंतर आमच्या कुणाही विद्यार्थ्याशी ती कामाचं बोलली नाही आणि बचत गटाच्या बैठकीलाही जाईनाशी झाली. त्या मुलाला मी दोष दिला नाही. मीच त्याला अर्धं शिकवून पाठवलं होतं.

म्हणून पुन्हा सांगते, फील्डच्या आधी. आणि नुसतं व्याख्यान देऊन भागत नाही, सराव करून घ्या. मी आता पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला आपल्या घराबद्दल पाच ओळी लिहायला लावते, नाव न घालता. घर कुठे, कामधंदा काय, माणसं किती, मुंबईला कोण आहे. घरातलं दुखणं, भांडण, कर्ज काहीही लिहायचं नाही, हे बजावून सांगा, नाहीतर जे टाळायला निघालो तेच वर्गात घडेल. ज्याला लिहायचं नसेल त्याने लिहू नये. चिठ्ठ्या एकत्र करून मी वाचते आणि हे घर कोणाचं ते वर्गाला विचारते. एकाच तालुक्यातली मुलं असली की अर्ध्याहून जास्त घरं ओळखली जातात. ‘बाप रापणीवर जातो, दोन काका लालबागला’ एवढ्यावर कुणीतरी गावाचं नाव घेतं, दुसरं आळीचं. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरते तिच्यात मुलं शिकतात. मुंबईसारख्या शहरात नाव बदलून पुष्कळ झाकलं जात असेल. आपल्याकडे वाडी, धंदा, माहेर आणि मुंबईला कोण, एवढं कळलं की माणूस सापडला.

वाडीचं नाव तर नोंदीत येऊच देऊ नका. आपल्याकडे वाडी सांगितली की बऱ्याचदा जातही सांगून होते. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, पण लोकांच्या तोंडी जुनी नावं अजून आहेत आणि मुलांच्याही तोंडी तीच येतात.

वर्गात मांडण्याआधी प्रत्येक मुलाने चार प्रश्नांची उत्तरं मला तोंडी द्यायची, असा नियम आता मी केलाय. नाव काढलं का? वाडी आणि धंदा काढला किंवा बदलला का? या गावातलं, या नात्यातलं वर्गात कोणी आहे का? आणि हे मांडलेलं त्या व्यक्तीने स्वतः दाराआडून ऐकलं तर तिला चालेल का? चौथ्या उत्तरात मूल अडखळलं तर ती केस वर्गात मांडायची नाही, माझ्यापुरतीच ठेवायची. मांडणीचे गुण त्यामुळे कापू नका.

याची दुसरी बाजूही आधीच शिकवावी लागते. गोपनीयतेचं महत्त्व पटलं की मुलं उत्साहाने वचन देऊन येतात, ‘मी कुणाला म्हणून कुणाला सांगणार नाही.’ असं वचन देता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शिकणाऱ्याला त्यात सूट नाही. तेव्हा वाक्य आधी घोटून घ्या: ‘ताई, तुम्ही सांगाल ते मी माझ्या मॅडमशीच बोलेन. पण कुणाच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका आहे असं दिसलं तर मला मदत मागावी लागेल.’ प्रत्येकाने हे मोठ्याने म्हणायचं, आपापल्या बोलीत. मालवणी मुलगी मालवणीत म्हणू दे. पुस्तकी मराठीत म्हटलेलं ऐकून समोरचं माणूस बावरतं. आणि असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी मला फोन करायचा, नोंदवही लिहीत बसायचं नाही. मुलांच्या मदतीचा 1098 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

फोटोही यातच आले. वाडीवर काढलेला एकही फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. बालन्यायाच्या प्रक्रियेत आलेल्या मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बालन्याय कायद्याने मनाई आहे. एचआयव्हीबद्दल 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. पण कायदा नसता तरी ओट्यावर बसलेल्या आजीचा फोटो तिला न विचारता काढायचा नसतो. येताना एसटीत केसबद्दल बोलायचं नाही. मागच्या सीटवर कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं, त्यांना मात्र आपण कोण ते पक्कं माहीत असतं.

वर्गातला ऐकण्याचा सराव तिघांच्या गटात घ्या: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. आधी दहा मिनिटं ऐकणाऱ्याने एकही सल्ला द्यायचा नाही. आपल्या मुलांना हे फार जड जातं, कारण घरात मोठी माणसं सल्लाच देताना पाहिलेली असतात. प्रसंग दारू, मारहाण असे भारी निवडू नका. वर्गात कुणीतरी ते भोगलेलं असतं. आधी विषय सांगा, बाहेर जायची मोकळीक ठेवा आणि सराव संपल्यावर प्रत्येकाला भूमिकेतून बाहेर यायला दोन मिनिटं द्या.

फील्डच्या आधी तुम्ही स्वतः वाडीवर जाऊन या. ग्रामपंचायतीला पत्र द्यायचंच, पण खरी ओळख आशाताई आणि अंगणवाडी सेविका करून देतात. कोण येणार, किती दिवस, आणि काय देऊ शकणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. घरकुल मंजूर करून देऊ, असं एखादं पोर नकळत बोलून जातं आणि पुढची पाच वर्षं लोक आपल्याला तेच विचारतात.

दिनदर्शिका गावाची धरा, कॉलेजची नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेव्हा पुरुष घरी, जाळी विणणं चालू, हातात पैसा कमी. नवरा समोर असताना बायका मोकळ्या बोलत नाहीत, त्यामुळे या दिवसांत पुरुषांशी बोलायला मुलगे पाठवा, घरगुती विषय नकोत. नारळी पौर्णिमेच्या आसपास कुणाला वेळ नसतो. गणपतीत चाकरमानी आलेले, घर भरलेलं, तेव्हा जाऊच नका. पुढे शिमगा, मग आंब्याचा हंगाम. बागेत किंवा बोटीवर नेपाळी कामगार असतील तर भाषेची सोय आधी बघा. पावसाचा नियम कडक हवा. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. रेड अलर्ट असेल त्या दिवशी फील्ड बंद, तास भरून निघतील.

नोंदी. ‘घर अस्वच्छ होतं’ असं लिहून आणलं की परत पाठवा. काय दिसलं ते लिही म्हणावं. मग लिहितात: ओट्यावर ओली जाळी होती, दाराशी रिकाम्या टोपल्या, बाई एका हाताने मुलाला भरवत होती. वाटलं ते वेगळ्या रकान्यात लिहायचं. वही कॉलेजातच राहील, घरी न्यायची नाही. मूल कॉटवर वही टाकून जेवायला गेलं की घरातलं कोणीतरी ती वाचणारच.

वैयक्तिक मार्गदर्शनाची बैठक आठवड्याला एक, दार लावून. स्टाफरूममध्ये नको, तिथे चहा घेणाऱ्यांचीही गावं असतात.

मूल्यमापन सुरुवातीला दिलेल्या त्याच वाक्यांवर करा, ऐनवेळी नवं काही काढू नका. लेखी परीक्षा काय घ्यायची ती घ्या.

आपण वाडीचा निरोप घेणार हे तिथल्या लोकांना महिनाभर आधी सांगायचं, शेवटच्या दिवशी नको.

सत्र संपलं की वह्या मोजून परत घ्या. जितक्या दिल्या तितक्याच आल्या पाहिजेत. एक जरी कमी असली तरी ती मिळेपर्यंत त्या मुलाचा निकाल पुढे पाठवू नका. कपाटाला कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे ठेवा.