गिअरबॉक्स उतरवण्याआधी

गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागून मला सहा महिने झाले होते. एक गाडी आली. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडायचे. चालू केलं की पहिला पडेना आणि रिव्हर्स टाकला की खर्रर्र. मी छातीठोकपणे सांगितलं, क्लच प्लेट गेली. दिवसभर खपून गिअरबॉक्स उतरवला. प्लेट हातात घेतली तर अस्तर चांगलं जाड, रिव्हेटांची डोकी खोल बसलेली, म्हणजे प्लेट झिजलेलीच नव्हती. उस्तादांनी स्लेव्ह सिलिंडरचं, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचं, रबरी बूट (टोपण) बोटाने मागे सरकवलं. आतून ब्रेक ऑइल ओघळलं.

"अरे, क्लच सुटत नव्हता. घसरत कुठे होता?"

नव्या मुलांना मी आजही आधी हाच फरक शिकवतो, कारण हे दोन बिघाड एकमेकांच्या अगदी उलट आहेत. सुटत नाही म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही; घसरतो म्हणजे पेडल सोडूनही इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पूर्ण पोचत नाही. घसरतो तेव्हा चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. जळका वास येतो. खात्री करायची तर मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, गाडीसमोर कोणी नाही ना ते बघा, तिसरा-चौथा गिअर टाका आणि थोडी रेस देत पेडल हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर धडधाकट प्लेटही जळते.

सुटत नसेल तर आधी बाहेरच शोधा. पेडल चार-पाच वेळा पंप केल्यावर गिअर पडला, तर हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा दाब पोचवणाऱ्या तेलाच्या यंत्रणेत, हवा शिरली आहे किंवा गळती आहे. क्लच तेलाऐवजी केबलने चालतो अशा गाडीत पेडलचा मोकळा खेळ तपासा: फार जास्त असेल तर क्लच सुटत नाही, अजिबात नसेल तर घसरतो. मी तेव्हा बूट उचलून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत निदान झालं असतं.

पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग बघा. गाडी जागेवरून निघताना थरथरली तर आधी इंजिनचे माउंटिंग हलवून पाहा.

बॉक्स उतरवावाच लागला, तर प्लेट का गेली हे कळल्याशिवाय नवी बसवू नका. अस्तरावर तेल दिसलं तर क्रँकशाफ्टचा मागचा सील किंवा इनपुट शाफ्टचा सील गळतोय. तो तसाच ठेवला तर नवी प्लेटही तेलाने भिजणार. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिला टेकते त्या इंजिनच्या जड चकतीवर, जास्त तापल्याचे निळे डाग, चिरा शोधा. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. प्लेटची बाजू बघून, सेंटरिंग टूल (प्लेट बरोबर मधोमध धरणारं हत्यार) लावूनच बसवा आणि प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा.

बॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकू देऊ नका. प्लेट वाकते, आणि कोरी प्लेट टाकूनही क्लच सुटत नाही.