‘राजाची गाडी’ म्हणून हाती आलेल्या मोटारीचा माग काढताना या चुका टाळा

शेडमधल्या जुन्या रोल्स-रॉइसवरची ताडपत्री निघायच्या आधीच गोष्ट सुरू होते. अमुक महाराजांनी लंडनहून मागवली, राणीसाहेबांसाठी पडदे लावून घेतले, शिकारीला हीच जायची. ऐकायला झकास वाटतं. मी ती वहीत लिहून घेतो आणि वही मिटतो. आधी लोखंड, मग कागद, गोष्ट सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

गोष्टींचं एक उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. शोरूममध्ये अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉइस विकत घेऊन कचरा उचलायला लावल्या. ही गोष्ट अलवरची म्हणून सांगतात, भरतपूरची म्हणून, पतियाळाची म्हणून आणि हैदराबादची म्हणूनही. गाडी विकणारा तुम्हाला जी गोष्ट सांगतो ती याच जातीची असू शकते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

गाडीला एकच जन्मतारीख असते असं धरून चालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकतच नसे. कारखान्यातून इंजिनासह चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बाहेर पडायची. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायचं: बार्कर, हूपर, विंडोव्हर्स, थ्रप अँड मेबर्ली. म्हणजे चासीचा कागद एका गावात आणि बॉडीचा दुसऱ्या गावात. मध्ये काही महिने जायचे, मग बोटीचा प्रवास, मग इथली नोंदणी. आर.सी. बुकात 1928 लिहिलंय म्हणून गाडी 1928 ची असं म्हणणं म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक जूनची तारीख बघून वाढदिवस साजरा करण्यासारखं आहे.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग घ्या. चासी अमेरिकन कंपनीची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, मालक इंदूरचे. अशा गाडीबद्दल फक्त इंदुरात विचारलंत तर तिची एक तृतीयांश हकीकत हाती लागेल.

शिवाय बॉडी कायमची नसते. दहा वर्षांत लिमोझिन जुनाट दिसायला लागली की ती उतरवून दुसरी चढवत. बेंटलीच्या बाबतीत तर 1931 पर्यंतच्या कितीतरी बंद सलून पुढे कापून त्यांच्या उघड्या टूरर केल्या गेल्या, कारण भाव टूररला येतो. म्हणून चासी, इंजिन आणि बॉडी यांसाठी वहीत तीन वेगळी पानं ठेवा. तिन्ही पानं जुळली तर गाडी जशी निघाली तशीच आहे असं म्हणायची सोय आहे. नाही जुळली तरी गाडी खोटी ठरत नाही, तिचं आयुष्य फक्त जरा भानगडीचं निघतं.

पितळी पट्टीवर विश्वास

दार उघडलं की पायरीच्या कडेला कोचबिल्डरच्या नावाची पट्टी असते. मालक ती रुमालानं पुसून दाखवतो. मी पट्टी नंतर वाचतो, आधी तिचे स्क्रू बघतो. विसाच्या दशकातल्या गाडीवर पट्टी स्टार स्क्रूनं बसवलेली असेल तर ती नंतर लावलीय. फिलिप्सचा हा स्क्रू मोटारींमध्ये यायला 1930 च्या दशकाचा मध्य उजाडला. एका गाडीत चारपैकी तीन स्क्रू सरळ खाचेचे आणि एक स्टार होता. ते मी चालवून घेतो, एखादा स्क्रू हरवतोच. चारही स्टार असतील तर पट्टीचं वजन शून्य.

बॉडीचा खरा नंबर शोधायचा तर आत जा. सीटची गादी उचला, जमिनीच्या फळ्या काढा, दाराच्या आतलं कापड सोडवा. बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा असतो आणि मिस्त्री लोक त्यावर नंबर ठोकून किंवा पेन्सिलीनं लिहून ठेवत, म्हणजे सुटे भाग दुसऱ्या बॉडीत मिसळू नयेत. गाडी रिस्टोरेशनला द्यायच्या आधी हे करा. एकदा सुतारानं रंधा फिरवला की पेन्सिलीचा आकडा भुशात गेला.

चासी नंबर वाचतानाही घाई नडते. गंज दिसला की फिटर ग्राइंडर हातात घेतो. त्याचा हात धरा! रंग काढायचं लिक्विड, मऊ ब्रश, आणि मग आरटीओत घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलीचा ठसा. रोल्सच्या 1929 च्या सुमाराच्या ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह या मॉडेलमध्ये जीएक्सओ अशी चासी नंबरांची मालिका आहे. त्यातलं ओ हे अक्षर कारकुनानं शून्य म्हणून उतरवलं की पुढचा सगळा पत्रव्यवहार भलत्या नंबरावर. इंजिनाचा नंबर चासीच्या रकान्यात लिहिलेलं आर.सी. बुकही नवलाचं नाही. आणि मालिकेत 13 नंबर दिसला तर पुन्हा वाचा, रोल्स-रॉइस तो आकडा गाळत असे.

जुन्या कागदात नवे शब्द

हा माझा आवडता सापळा. 1912 चं म्हणून दाखवलेलं बिल आणि त्यावर ‘सिल्व्हर घोस्ट’ लिहिलंय? तेव्हा कंपनी त्या मॉडेलला 40/50 हॉर्सपॉवर म्हणायची. सिल्व्हर घोस्ट हे मुळात 1907 च्या एकाच गाडीचं नाव. सगळ्या मॉडेलला ते चिकटलं 1925 मध्ये नवी फँटम आल्यावर. तसंच 1926 च्या कागदावर ‘फँटम वन’ असू शकत नाही, कारण 1929 मध्ये दुसरी येईपर्यंत पहिलीला कोणी पहिली म्हणत नव्हतं.

कोचबिल्डरच्या नावांतही घोळ आहे. नुसतं ‘मुलिनर’ लिहून समाधान मानू नका. लंडनचे एच. जे. मुलिनर वेगळे, नॉर्थॅम्प्टनचे आर्थर मुलिनर वेगळे, बर्मिंगहॅमची मुलिनर्स लिमिटेड आणखी वेगळी. बार्कर तर 1938 मध्ये हूपरकडे गेली, त्यामुळे नंतरच्या कागदांवर दोन्ही नावं भेटतात.

चुकीच्या दप्तरात शोधत बसणं

रोल्स-रॉइससाठी पहिलं पत्र इंग्लंडला, नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी इथल्या रोल्स-रॉइस एन्थुझिॲस्ट्स क्लबला. तिथे चासी कार्डं आहेत. ऑर्डर कोणाची, बॉडी कोणाकडे पाठवली, रवानगी कधी, हे त्यावर असतं. कार्डावर महाराजांऐवजी एजंटाचं नाव निघालं तर खट्टू होऊ नका. गाडी कोणाच्या दारात गेली ते मग इथल्या कागदांत शोधायचं.

इथे लोक पुराभिलेखागारात जाऊन ‘मोटार’ एवढाच विषय मागतात आणि रिकाम्या हातानं परततात. संस्थानच्या कागदांत मोटारखान्याचा खर्च बऱ्याचदा राजघराण्याच्या खासगी खात्यात सापडतो: टायर, पेट्रोल, शोफरचा पगार. कोल्हापूरसारख्या ठिकाणी मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या.

फोटो मिळाला तर चेहरे नंतर, नंबरप्लेट आधी. संस्थानची पाटी असेल तर फोटो साधारण विलीनीकरणाआधीचा. कोल्हापूरचं विलीनीकरण 1 मार्च 1949 चं. पुढे मुंबई राज्याची पाटी आली, 1960 नंतर महाराष्ट्राची. एकाच गाडीनं तीन-चार नंबर भोगलेले असतात, म्हणून आजच्या नंबरावरून मागे जाता येत नाही. फोटोतल्या रेडिएटरवरच्या रोल्स-रॉइसच्या ‘आरआर’ अक्षरांवरून मात्र निकाल देऊ नका. ती 1933 मध्ये लालची काळी झाली हे खरं, पण बिल्ला बदलायला पाच मिनिटं लागतात.

आता नोंदणीचं. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो, आधीचा नंबर चालू असेल तर तो ठेवता येतो. अर्जात चासी नंबर, इंजिन नंबर आणि वर्ष भरावं लागतं, आणि इथे भरलेलं पुढचा प्रत्येक मालक प्रमाण मानतो. इंग्लंडहून चासी कार्डाची प्रत येईपर्यंत हे रकाने कोरे ठेवा, एजंट कितीही मागे लागला तरी.