सी ड्राइव्हची लाल पट्टी

मुलुंडच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर आईही वापरते, मुलगीही. सी ड्राइव्हची (विंडोज आणि प्रोग्राम जिथे असतात त्या डिस्कची) पट्टी लाल झाली, म्हणजे जागा संपत आली, तेव्हा डेस्कटॉपवर आयकॉनची नुसती खिचडी होती.

आधी मी आयकॉनच उडवत बसलो. जागा तसूभरही वाढली नाही, कारण बाणवाला आयकॉन म्हणजे फक्त शॉर्टकट, प्रोग्रामकडे नेणारी वाट. प्रोग्राम जागच्या जागीच राहतो. तो काढायचा तर सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉल करावा लागतो.

खरी अडगळ डाउनलोड्समध्ये होती. व्ह्यू 'डिटेल्स' करून आकारानुसार लावलं, तर एकाच लग्नाचा व्हिडिओ तीनदा! वीजबिलं, आईचे रिपोर्ट आधी पेनड्राइव्हवर घेतले, मगच हात लावला. प्रत घेतल्याशिवाय पुसायची घाई करू नका, कळकळीने सांगतो.

मग सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जाऊन तात्पुरत्या फाइल्स काढल्या. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'चाही चौकोन असतो; त्यावर टिक नाही ना, हे बघाच, नाहीतर त्यातलं सगळं पुसलं जाईल. शेवटी रिसायकल बिन रिकामा केला. तोवर पुसलेल्या फाइल्स जागा अडवूनच बसतात.

आता पट्टी निळी आहे. डेस्कटॉपवर आईच्या भजनांचं फोल्डर पहिलं ठेवलंय.