गणनयंत्र उघडण्याआधी हातचा समजून घ्या

हाताने फिरवायची जुनी गणनयंत्रं दुरुस्त करायला शिकायचंय, सुरुवात कशापासून करू, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑडनर पद्धतीचं, वर खटके असलेलं साधं मशीन घ्या; खटका सरकवून आकडा लावला की आतल्या चाकाचे तेवढेच दाते बाहेर येतात. आपल्याकडे फॅसिट कंपनीचं मशीन जास्त दिसतं. कॉलेजांच्या संख्याशास्त्र विभागांत ते वर्षानुवर्षं वापरात होतं. कूळ तेच, पण आतली गुंतागुंत जास्त, म्हणून ते दुसऱ्या खेपेला.

मशीन अडकलेलं असेल तर हँडलवर जोर करू नका. बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं, जुनं तेल सुकून डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. रॉकेल आणि बारीक ब्रश घेऊन सावकाश सोडवा. चकत्यांवरच्या रंगवलेल्या आकड्यांना मात्र रॉकेल लागू देऊ नका, रंग निघून आला तर आकडे कायमचे गेले.

हँडल मोकळं झालं की खरी परीक्षा. सगळं शून्यावर आणा, एकं स्थानी 1 लावा आणि हँडल एकदा उलटं फिरवा. शून्यातून एक वजा, म्हणजे सगळीकडे 9 यायला हवेत. (काही मशिनांत हातचा डावीकडच्या टोकापर्यंत जातच नाही, तिथे शून्यं राहतात. तो दोष नव्हे, रचनाच तशी.) आता तोच 1 मिळवा. उजवीकडून डावीकडे एकेक 9 शून्य होत जातो. जिथे ही साखळी थांबते तिथेच दुखणं आहे. चकती 9 वरून 0 वर जाताना शेजारची एक छोटी खिट्टी ढकलते. हँडल पुढे फिरलं की त्या खिट्टीमुळे एक जादा दाता पुढे येतो आणि पुढची चकती एक घर सरकते. हे दाते गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे मागेपुढे बसवलेले असतात, म्हणून हातचे एकदम न येता ओळीने येतात. बंद पडलेल्या जागेची खिट्टी नि तिची स्प्रिंग साफ करा, खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या.

हे डोळ्यांनी पाहिलं की एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज कळतो. 1847 ते 1849 मध्ये त्याने आखलेल्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनात, म्हणजे गणिती कोष्टकं काढायच्या अवाढव्य यंत्रात, 31 अंकी संख्यांचे हातचे असेच ओळीने, सर्पिलाकार मांडलेल्या दांड्यांनी पुढे जातात. लंडनच्या सायन्स म्युझियमने ते त्याच्या आराखड्यांवरून प्रत्यक्ष बांधलं आणि 1991 मध्ये त्याचा आकडेमोडीचा भाग चालला. त्या काळी जमण्याजोग्या अचूकतेचेच भाग त्यासाठी वापरले होते. बॅबेजची कल्पना बरोबर होती, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

कुर्टा या छोट्या, नळकांड्यासारख्या गणनयंत्राच्या वाटेला मात्र लवकर जाऊ नका. कुर्ट हेर्त्सस्टार्कने त्याचे आराखडे बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैदी असताना पुरे केले. मुठीत मावणाऱ्या त्या डब्यात शेकडो भाग आहेत. दोन-तीन ऑडनर निर्दोष चालवून दाखवलीत की मग ते उघडा, आणि प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो काढा.